पाठ टेकून विणलेला रुमाल

आमच्या इंदुरीत किंवा आसपासच्या गावांत कोणाला क्षय निघाला, की घरची माणसं आधी रडून घेतात. मग अंगारे-धुपारे होतात. ते सगळं करून दमले की कोणीतरी म्हणतं, "त्या किसनला इचारा. त्यो वाचलाय." मग ती मंडळी माझ्या घरी येतात, पण ओट्यावर बसत नाहीत. अंगणातच चार हात लांब उभी राहतात आणि विचारतात, "औषध कंचं घेतलंत?"

औषध सांगण्यासारखं काही नाही. दूध, अंडी, उघडी हवा आणि पडून राहणं, एवढंच त्या वेळी होतं. हे ऐकलं की त्यांचा चेहरा उतरतो. पडून राहायला काय अक्कल लागते, असं त्यांना वाटत असणार. मलाही तसंच वाटायचं, आणि त्यापायीच मी जवळजवळ मेलो होतो. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

पंच्यावरचा डाग

लोणावळ्याला विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा घाट चढायला वाफेची इंजिनं असत आणि मी इंजिनशेडमध्ये कोळसा भरायच्या कामावर होतो. बायको भागू आणि मी शेडजवळच्या चाळीत राहायचो. सुटी मिळाली की गाडीने तळेगावला उतरायचं, तिथून चालत इंदुरी गाठायची आणि सकाळी तालमीत हजर व्हायचं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तालमीचे वस्ताद. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली, म्हणून आबांनी मला दूध आणि तांबडी माती या दोनच गोष्टींवर वाढवलं. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. चालायला लागलो तेव्हापासून मी पैलवानच. "पैलवान, जेवलास का?" "पैलवान, नाक पूस आदी."

खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याचं खापर कोळशाच्या धुळीवर फोडलं. थुंकीतून रक्त कधीपासून पडत होतं, देव जाणे. शेडमधल्या कोळशात ते दिसलं नाही. तालमीच्या तांबड्या मातीत दिसायचा तर प्रश्नच नव्हता. दिसलं ते भागूने धुवायला घेतलेल्या पांढऱ्या पंच्यावर. ती पंचा हातात घेऊन दारात उभी राहिली.

"अवं, ह्ये काय?"

"दात दुखतोय," मी म्हणालो.

"कुटला? दावा."

तोंड उघडावं लागलं. दात एकूण एक शाबूत होते. दुसऱ्या दिवशी तिने मला जवळजवळ ओढतच रेल्वेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, थुंकी तपासायला ठेवून घेतली आणि पुन्हा बोलावून सरळच सांगितलं, "क्षय आहे. उजव्या बाजूला." मी त्यांच्यापुढे छाती काढून उभा होतो. जिच्यावर जन्मभर मिजास केली तीच छाती आतून पोखरली होती, हे काही केल्या पटेना. परत येताना भागू एवढंच म्हणाली, "आबास्नी मी सांगते. तुमी नगा सांगू." मला मरणाची भीती वाटली हे खरंच. पण त्याहून जास्त भीती आबांचं तोंड आठवून वाटली.

हवेचा दवाखाना

लोणावळ्याबाहेर, औंढ्याच्या वाटेला क्षयाच्या रोग्यांसाठी एक धर्मादाय आरोग्यधाम होतं. लोक त्याला हवेचा दवाखाना म्हणत. लांबलचक व्हरांडा, त्यात ओळीने लोखंडी खाटा, समोर डोंगर. पावसाळ्यात ढग सरळ अंथरुणात यायचे आणि गोधड्या ओल्या व्हायच्या, तरी खाटा आत घ्यायच्या नाहीत असा नियम. सकाळी ताप बघायचा, दूध प्यायचं, अंडं खायचं. दुपारी बोलायचंसुद्धा नाही. प्रत्येकाची ताटली वेगळी, दुधाचा तांब्या वेगळा, थुंकायचं झाकणाचं भांडं वेगळं. दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं. ज्याचं वजन वाढलं तो दिवसभर हसत असे आणि ज्याचं घटलं त्याच्याशी त्या दिवशी कोणी थट्टा करत नसे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हुकूम केला, "उताणं पडायचं. उठायचं नाही, वळायचं नाही."

कुस्ती केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. कुस्तीत माणूस खाली गेला म्हणून हरत नाही. पोटावर पडून माती धरून ठेवली की तो अजून लढतोच आहे. हरतो तो पाठ लागल्यावर. पाठ मातीला टेकली की हलगी थांबते आणि सगळं संपतं. लहानपणी मी झोपेत उताणा झालो तर आबा येऊन मला कुशीवर करायचे. आणि हे डॉक्टर म्हणत होते, महिनोन्महिने पाठ टेकून राहा.

रूथबाई नावाच्या नर्स होत्या. त्या आल्या की मी उताणा, त्या गेल्या की पालथा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. शेजारच्या खाटेवर वडगावचे हुसेनचाचा होते. बाजारात बांगड्या भरायचा त्यांचा धंदा, त्यामुळे बोलण्यात कोणाला हार जायचे नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "पैलवान, खाटंखाली कुनी पळून चाललंय व्हय? सोड की त्याला."

जोर

मग आबा आले. तूप आणलं, बदाम आणले आणि जाताना वाकून कानात म्हणाले, "पडून ऱ्हायलं तर लोखंड बी गंजतं, पैलवान. रोज थोडं तरी जोर काढत जा. कुनाला सांगू नगं."

वस्तादाचा शब्द. पहाटे रूथबाई चहाला गेल्या की मी खाटेवरून खाली उतरून जोर काढायला लागलो. पहिले दोन दिवस फार बरं वाटलं. अंगातून वाफ निघाली, वाटलं आजार घामावाटे चाललाय. तिसऱ्या पहाटे खाली वाकलो तो तोंडात काहीतरी ऊन आलं आणि फरशीवर सांडलं. या खेपेला ते कोळशावर नव्हतं, मातीवरही नव्हतं. पांढऱ्या फरशीवर स्वच्छ लाल दिसत होतं.

हुसेनचाचांनी ताटली खाटेच्या दांडीवर बडवून माणसं गोळा केली. नाहीतर हे लिहायला मी नसतो.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. छातीवर बर्फाची पिशवी, पाणीसुद्धा चमच्याने. खोकला यायला लागला की वाटायचं, हाच शेवटचा. डॉक्टरांनी भागूला बोलावून घेतलं होतं. ती खाटेच्या पायाशी उभी राहायची, पदराचं टोक दातात धरून. जवळ यायची तिला परवानगी नव्हती. आता मी उताणा पडून होतो, पण भीतीने. मुठी आवळलेल्या, दात आवळलेले. असं पडणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे कोणी सांगितलं नाही तर कळत नाही.

सुई

रूथबाई नगरकडच्या, ख्रिस्ती, बोलायला सडेतोड. दुपारच्या मुक्या वेळात त्या व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसून पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणायच्या. मी जरा सावरल्यावर एक दिवस त्या माझ्या खाटेशी थांबल्या. मी चादरीचा काठ मुठीत धरून पिळत होतो.

"पैलवान, अजून किती चादरी फाडणार? तुमच्या हातांना काम नाही, म्हणून ते तुम्हाला उठवतात. हे धरा."

त्यांनी टोकाला आकडा असलेली एक पोलादी सुई दिली आणि दोऱ्याचं रीळ.

"हे बायकांचं काम," मी म्हणालो.

"आणि मरणं पुरुषांचं का?"

शेजारी हुसेनचाचा इतके हसले की त्यांनाच ठसका लागला आणि रूथबाईंनी दोघांनाही दटावलं.

त्या या कामाला क्रोशा म्हणायच्या. आधी सरकगाठ मारायची, मग आकड्याने दोरा धरायचा आणि गाठीच्या फासातून बाहेर ओढायचा. झाली साखळीची एक कडी. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. ऐकायला पोरखेळ. पण माझ्या बोटांना फावड्याचा दांडा आणि समोरच्याचं मनगट यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मी दोरा पकडला तो तालमीतल्यासारखा. कड्या इतक्या आवळल्या की पुढच्या ओळीला आकडा आत शिरेना. जोर लावला, दोरा तुटला. नवा घेतला, तोही तुटला. सुई वाकली ती रूथबाईंनी न बोलता सरळ करून आणली. पैलवानी करताना आले नव्हते एवढे नाकी नऊ त्या दोऱ्याने आणले.

"दोऱ्याला हरवायचं नाहीये," रूथबाई म्हणाल्या. "सैल सोडा. तो कुठे पळत नाही."

तालमीत असलं काही कोणी शिकवलं नव्हतं. तिथे पकड सैल पडली की गेलास. मी चिडायचो, चिडलो की धाप लागायची, धाप लागली की सुई काढून घेतली जायची. म्हणून न चिडणं भाग पडलं. हळूहळू ध्यानात आलं, की नुसती बोटं सैल सोडून भागत नाही, खांदा सैल लागतो. आणि खांदा सैल व्हायचा तर पाठ खाटेला पुरती टेकलेली लागते. पालथं पडून तर विणताच येत नाही. हे रूथबाईंनी जाणूनबुजून केलं का, असं मी पुढे त्यांना विचारलं होतं, तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

एके दुपारी वीतभर साखळी न तुटता झाली. जरा वाकडी होती, पण प्रत्येक कडीत आकडा जात होता. मी ती छातीवर ठेवून बघत बसलो. दवाखान्यात आल्यापासून दुपार कधी सरली ते कळलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. तुमच्यापैकी कोणी आज खाटेवर असेल तर त्याला सांगतो, अशी एक दुपार मिळेपर्यंत कळ काढा. ती मिळते.

टोपी

दुधाच्या तांब्यावर माशा बसायच्या. रूथबाईंचे जाळीचे गोल रुमाल असत, कडेला मणी लावलेले, म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. म्हटलं, आपल्या तांब्याला आपणच विणू. गोल विणताना प्रत्येक फेरीला टाके वाढवत न्यावे लागतात, मधून मधून एकाच घरात दोन घालून. ते रूथबाईंनी सांगितलंही होतं. पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. वाढवायचं कशाला, कडेकडेने जात राहू, झालं. काही फेऱ्या झाल्या आणि रुमाल सपाट राहायचं सोडून वर उचलायला लागला. शेवटी त्याची खोलगट वाटी झाली.

"आन हिकडं," हुसेनचाचा म्हणाले आणि ती वाटी त्यांनी डोक्यावर घातली. अगदी मापात बसली. "अरं, तांब्याचं सांगून माझ्या टकलाचं माप घेतलंस व्हय? माझी टोपी घरी ऱ्हायलीय. रुमाल बांदून नमाज पडत हुतो."

रूथबाईंनी ती तिथल्या तिथे हिसकावली आणि उकळून, उन्हात वाळवून मगच परत दिली. चाचांनी ती त्याच दिवशी नमाजाला घातली. ते खाटेवर पडूनच नमाज पढायचे, ओठ हलवत, नुसत्या डोळ्यांनी खालीवर बघत. मी बरेच दिवस ते पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"चाचा, पडल्या पडल्या चालतं?"

"आजाऱ्याला मुभा हाय. उभं ऱ्हावंना तर बसून, बसवंना तर पडून." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "त्याला चालतं की रं. तुझ्या वस्तादाला का चालंना?"

त्यानंतर मी रात्रीसुद्धा पालथा झालो नाही.

आबांचा हुकूम

रक्ताचं कळल्यापासून आबा आले नव्हते. आले ते बैलगाडी घेऊनच. गाडीत गवत पसरलेलं, वर घोंगडी. भागू मागे उभी होती. आबा पायरी चढले आणि थबकले. मी उताणा पडलेलो, छातीवर पांढरा दोरा, हातात सुई.

"ह्ये काय करतुयास?"

"विणतोय, आबा."

त्यांनी नजर फिरवली. "ऊठ. घरी चल. तालमीत अंथरून टाकतो. अंगाला माती लाव, म्हशीचं दूध पी. तांबड्या मातीत कायबी बरं व्हतं."

माझ्या जन्मात मी आबांना नाही म्हटलं नव्हतं. खोकला यायला लागला. मी दोरा सैल सोडल्यासारखा श्वास सैल सोडला, तो गेला.

"मी न्हाई येत, आबा."

"काय म्हनलास?"

"हितनं उठलो तर पुन्ना वाचायचो न्हाई. मला जगायचंय."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. दंडाकडे, छातीकडे, मग त्या सुईकडे. "पाठ लागली तुझी," ते हळू आवाजात म्हणाले. आणि वळताना, "येतो, किसन."

किसन. त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रिकामी गाडी उतारावरून खडखडत गेली आणि मी रडलो. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, हेही तेव्हाच कळलं. हुसेनचाचा म्हणाले, "रड. पर खोकू नगंस."

वजन

आबा पुन्हा आले नाहीत. भागू आता इंदुरीला आबांजवळ राहायची; तिथून यायची, तळेगावहून गाडीने, एकटी. कधी आंबेमोहोराची पेज, कधी नुसती गावाकडची खबर. पायाशी उभी राहून पहिला प्रश्न नेहमी एकच, "वजन किती भरलं?" मला राग यायचा. माणूस कसा आहे ते विचारायचं सोडून ही वजन काय विचारते! एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

"मला काय करायचंय तुमचं वजन?" ती फणकारली. "आबा इचारत्यात. दर खेपेला. मी उंबऱ्यात पाय टाकायच्या आदी."

पैलवानाच्या बापाला दुसरं काय विचारता येणार! मी त्या दिवशी इतका हसलो की रूथबाई धावत आल्या. वाटलं, छातीवरचा बर्फ आत्ता खरा उतरला.

नंतर सगळं हळूहळू सुधारत गेलं. ताप संध्याकाळीही येईना. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, ती स्वच्छ निघाली. मी नवा रुमाल घेतला होता, या वेळी टाके वाढवत. त्याच्या मधल्या फेऱ्या गच्च आवळलेल्या आणि कडेकडेला सैल, एकसारख्या. रूथबाई तो उजेडात धरून म्हणाल्या, "ताप कुठे उतरला ते यात बोट ठेवून दाखवता येईल." कडेचे निळे-हिरवे मणी हुसेनचाचांनी घरून मागवून दिले. ते माझ्या आधी सुटले, तीच टोपी घालून. अजून वडगावच्या बाजारात बसतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, ही टोपी एका पैलवानानं विणलीय. कोणी विश्वास ठेवत नाही.

मी निघालो तेव्हा रूथबाईंनी रुमाल उकळून दिला आणि म्हणाल्या, "दुपारची झोप जन्मभर सोडायची नाही. उताणी." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी पडू दिलं नाही.

चरवी

कोळशाचं काम सुटलं, आम्ही इंदुरीला आलो. आबा दारातच उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं, मग दंड, मग खांदा दाबून पाहिला, जत्रेत पैलवान चाचपतात तसा. "बरं झालं. जेव," एवढंच म्हणाले. किसन नाही आणि पैलवानही नाही. हाकच मारायची टाळायचे.

माझा पेला मीच वेगळा ठेवला होता, डॉक्टरांनी निर्धोक म्हटलं तरी. पण गावाने मलाच वेगळं ठेवलं. बायका पाणवठ्यावर भागूची घागर पुढे येऊ देत नसत. तालमीतल्या पोरांना घरून ताकीद होती. मी तालमीबाहेरच्या दगडावर बसून आतली कुस्ती ऐकायचो. कोणाची पाठ लागली ते मला आवाजावरून कळायचं. आपण वाचलो खरे, पण कशासाठी, असं त्या दगडावर बसून मला वाटलं आहे. जे बरे होऊन घरी जातील त्यांनी ही पायरी धरूनच चालावं.

एका सकाळी कसरत संपली आणि नेहमीप्रमाणे दुधाची पितळी चरवी बाहेर आली. पोरं भोवती उभी. माशा घोंगावत होत्या. आबा एरवी चरवीवर आपल्या फेट्याचं टोक टाकायचे. त्या दिवशी ते घराकडे तोंड करून ओरडले, "भागू, ह्याचा तो रुमाल आन."

भागूला कळेना. मलाही कळेना. ती ट्रंकेतून रुमाल घेऊन आली. आबांनी तो चरवीवर पसरला. मणी पितळेवर किणकिणले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कोणी पुढे येईना. आबांनी रुमालाची एक कड उचलली, पेला बुडवला आणि सगळ्यांदेखत स्वतः गटागटा प्यायले. मिश्या पुसल्या. दुसरा पेला भरून समोरच्या पोराच्या हातात दिला.

"घ्या. आन झाकून ठेवा, माशा बसत्यात."

पोराने पेला तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघितलं, कारण डोळे भरून आले होते.

जेवण झाल्यावर माझ्या झोपेची वेळ झाली. घरात जायच्याऐवजी मी तालमीच्या ओट्यावर पंचा पसरला आणि सगळ्या तालमीसमोर उताणा पडलो. पाठ दगडाला पुरती टेकलेली. आत पोरांचा आरडाओरडा चालला होता. आबांची पावलं माझ्या उशाशी येऊन थांबली. आता मला कुशीवर वळवतात की काय, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"ए, दंगा बंद करा रं," आबा आत बघून म्हणाले. "पैलवान झोपलाय."

मी जागाच होतो, पण हललो नाही.